काळ्या वाटाण्याचं सांबारं

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील झाली तर उत्तमच, आजचा विषय रिकाम्या पोटीच ऐकायचा आहे.

परवा माझा भाचा आला होता, नुकताच जिमला जायला लागलाय, आणि मला म्हणतो मावशी, व्हेज खाऊन प्रोटीन येणार कुठून, असं म्हणून त्या पावडरचा डबा दाखवला, त्याची किंमत ऐकून मी खालीच बसले. म्हटलं शनिवारी जेवायला ये. आणि शुक्रवारी रात्री काळे वाटाणे भिजत घातले.

आपल्या तळकोकणात, सिंधुदुर्गाकडे, ज्या दिवशी कोंबडी चालत नाही त्या दिवशी वड्यांसोबत हे सांबारं असतं. आणि खरं सांगते, कोंबडीची आठवणसुद्धा येत नाही! इडलीबरोबरचं सांबार वेगळं हां, हे दाट आणि पोटाला आधार देणारं.

चौघांना २०० ग्रॅम वाटाणे पुरतात. १०-१२ तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, गॅस करणारं बरंच काही त्यात उतरलेलं असतं. मग कुकरला ६-७ शिट्ट्या. मीठ आधी घातलं तरी चालतं पण आमसूल अजिबात नाही, मी एकदा वेळ वाचवायला सगळं एकदमच कुकरमध्ये टाकलं, तर ९ शिट्ट्या होऊनही गोट्याच्या गोट्याच! आंबटाने दाणा लवकर मऊ होत नाही, म्हणून ते शेवटी.

आता वाटण, सगळा जीव त्यातच. दोन कांदे उभे चिरून तेलावर भाजायचे, गुलाबी नाही हो, चांगले तपकिरी, मग त्यातच अर्धी वाटी ओलं खोबरं, ७-८ लसूण पाकळ्या, चमचाभर धणे, दोन लवंगा, चार मिरी, आणि खोबऱ्याचा खमंग वास घरभर सुटेपर्यंत परतत राहायचं, इथे फोन आला तरी घेऊ नका. वाटताना मूठभर शिजलेले वाटाणेही मिक्सरमध्ये टाका, रस्सा आपोआप दाट होतो. मग फोडणी, दोन चमचे मालवणी मसाला, वाटण, वाटाणे त्यांच्या शिजलेल्या पाण्यासकट, आणि १० मिनिटं उकळलं की तीन-चार आमसुलं.

हिशोब सांगते. सुक्या वाटाण्यात १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला १० ते १२ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० च्या आसपास लागतं (जिमवाल्यांना जास्त, ते असो). सोबत आंबोळ्या करा, त्यात तांदूळ आणि उडीद दोन्ही, आणि कडधान्यात जे अमिनो अॅसिड (प्रोटीनचा एक घटक) कमी पडतं ते तांदळातून भरून निघतं, आजीला हे शब्द माहीत नव्हते पण जोडी बरोबर लावली होती. खोबऱ्याला मात्र प्रोटीनमध्ये धरू नका, ती चरबी.

कोणी म्हणेल सोया चंक्स टाका, त्यात १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन असतं. असतं, पण ते सगळं वाटण पिऊन टाकतात, त्यांना वेगळा कांदा-टोमॅटोचा रस्सा करा, या सांबाऱ्यात मी नाही घालू देणार.

भाच्याने सात आंबोळ्या खाल्ल्या. जाताना उरलेलं सांबारं घेऊन गेला, तेही पावडरच्याच रिकाम्या डब्यात.