बंपरचं वेल्डिंग पुन्हा का उकलतं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी जाता जाता म्हणालो होतो, की फुटलेला बंपर लगेच भंगारात टाकू नका, तो वेल्ड होतो. त्यावर कमेंटचा पाऊस पडला, आणि बहुतेकांची तक्रार एकच: "दादा, मी केलं होतं वेल्डिंग, थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा तडा गेला." आज त्याच्यावरच बोलू.

तयारीचं पटकन उरकतो. बंपर काढा, साबणाने धुवा, तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि प्रायमर घासून उघडं प्लास्टिक दिसू द्या. तडा संपतो तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. दर्शनी बाजूने ॲल्युमिनियम टेप लावून कडा जुळवा आणि मागून व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. झाली तयारी.

आता हे बघा. (बंपर उलटा धरून कॅमेऱ्याजवळ) इथे आतल्या बाजूला शिक्का आहे: पीपी अधिक ईपीडीएम, टी २०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्याला लवचीक करणारं रबर आणि टी २० म्हणजे २० टक्के टाल्क, भरीला घातलेली खनिजाची पूड. वेल्डिंगचा रॉड, म्हणजे खाचेत वितळवून भरायची प्लास्टिकची कांडी, याच जातीचा लागतो. पीपीवर एबीएसचा, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या प्लास्टिकचा, रॉड कितीही तापवा, जोड धरणार नाही. कुणीतरी लिहिलंय, की तुकडा पाण्यात टाका, तरंगला की पीपी. साधं पीपी तरंगतं हे खरं. पण एवढं टाल्क भरलेलं पीपी बुडू शकतं, आणि मग तुम्ही भलताच रॉड आणाल. त्यामुळे शिक्काच वाचा. रॉड मिळत नसेल, तर तोच शिक्का असलेल्या भंगार बंपरच्या अरुंद पट्ट्या कापून वापरा. मी कित्येकदा तसंच करतो.

आणि आता मुद्द्याचं. रॉड वितळला म्हणजे वेल्डिंग झालं, असं नसतं. रॉड आणि त्याखालचा बंपर, दोन्ही एकाच वेळी वितळले पाहिजेत. रॉड बारीक असतो, लगेच मऊ होतो. बंपर मोठा, त्याला तापायला वेळ लागतो. आपण रॉडकडे बघत बसतो, तो छान पसरतो, आपण खूश होतो, आणि खाली बंपर गारच असतो. खाचेत रॉड नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो.

ओळखायचं कसं? हॉट एअर गन वापरत असाल तर रॉड टेकवण्याआधी खाचेकडे बघा. साधारण ३०० अंशांची हवा लागली, की आधी खाचेच्या दोन्ही कडांवर ओलसर चकाकी येते. ती आली की रॉड दाबायचा. चकाकी नसेल तर थांबा. धूर निघाला, रंग पिवळट झाला, तर उष्णता जास्त झाली. ते प्लास्टिक जळलं, खरवडून काढा. खिडक्या उघड्या ठेवा आणि हा धूर छातीत जाऊ देऊ नका.

सोल्डरिंग आयर्नने करणाऱ्यांसाठी हेच वेगळ्या बाजूने. छोट्या छोट्या व्हिडिओंमध्ये दाखवतात ना, तड्यावरून गरम टोक फिरवलं, प्लास्टिक गुळगुळीत झालं, काम फत्ते! मला ते बघून खरंच राग येतो. वरची पातळ साय वितळलीय, आत तडा जसाच्या तसा आहे. टोक बंपरमध्ये रुतवायचं, रॉडचं आणि बंपरचं प्लास्टिक एकमेकांत कालवायचं, मग पुढे सरकायचं. वेळ लागतो, लागू द्या.

तरी खात्री नसेल तर ही परीक्षा घ्या. भंगार तुकड्यावर रॉड वेल्ड करा, पूर्ण गार होऊ द्या, पाणी ओतू नका. मग रॉडचं टोक पकडीत धरून ओढा. (ओढून दाखवतो) हा पहिला अख्खा सोलून आला आणि खाली खाच स्वच्छ. हे वेल्डिंग नाही. आता हा दुसरा. ओढतोय... बघा, ताणून पांढरा पडला, आणि तुटताना बंपरचा लचका घेऊन आला. असा जोड हवा. ही परीक्षा जमेपर्यंत गाडीच्या बंपरला हात लावू नका.

"हॉट स्टेपलर वापरला तर?" म्हणजे धातूच्या पिना तापवून प्लास्टिकमध्ये रुतवणारं यंत्र. वापरा, स्टेनलेस पिना वापरा, पण त्या कडा धरून ठेवतात, तडा बुजवत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका बंपरमध्ये मागून पिनांची रांगच होती आणि वेल्डिंग एक इंचभरही नव्हतं. दर्शनी बाजूला पुटीवर केसासारखी रेघ उमटली होती. मागून पिन किंवा स्टीलची जाळी पुरा, नंतर टेप काढून दर्शनी बाजूनेही खाच करून वेल्ड करा. इन्स्टंट ग्लूचं विचारणाऱ्यांना: पीपीला तो चिकटतच नाही.

घासताना ग्राइंडर हळू फिरवा, नाहीतर पीपी वितळून त्याची लव उठते. पुटी बंपरची, लवचीक घ्या. आणि उघड्या पीपीवर प्रायमरच्या आधी ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, मारा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघेल.

एक जागा मात्र मी स्वतः दुरुस्त करत नाही: बंपरमागे रडार असेल तर त्याच्या समोरचा भाग. तिथली जाळी, पुटी, रंगाचे जाड थर त्याच्या लहरींना अडवू शकतात. तो बंपर बदला.

तुमचा तडा कुठे आहे ते विचारताना मागच्या शिक्क्यावर काय लिहिलंय तेही लिहा, म्हणजे मला नेमकं उत्तर देता येईल.