ट्रक गेला, रान हिशोबातच राहिलं

[पडद्यावर: धुकं, घाटाखालचा अरुंद रस्ता, समोरून येणारा लाकडाचा ट्रक]

सकाळचे साडेसहा वाजलेत, आपण सिंधुदुर्गात आहोत, दोडामार्ग तालुक्यात. समोरून जो ट्रक येतोय ना, तो नीट बघा. हौद्याच्या वर माणूसभर उंच ओंडके रचलेत, दोर आवळून बांधलेत. ऐन आहे, किंजळ आहे, जांभूळ आहे. ऐनाची साल लांबूनच ओळखू येते, सगळी चौकोनी भेगाळलेली. कापलेली तोंडं अजून ओली आहेत, म्हणजे तोड काल परवाचीच आहे. दिवाळी झाली की असे ट्रक सुरू होतात ते पार मे महिन्यापर्यंत चालतात, इथे कोणाला त्यात काही नवल वाटत नाही.

हे लाकूड जळाऊ म्हणून जातं. वीटभट्टीत जाईल, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये. आणि मला या व्हिडिओत एवढंच शोधायचंय की तिथे ते जळल्यावर त्याचा धूर देशाच्या हिशोबात नेमका कुठे लिहिला जातो.

आधी थोडं गणित, कंटाळू नका, सोपंय. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं. एक टन सुकं लाकूड जाळलं की साधारण १.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाकडापेक्षा धूर जड कसा असं वाटेल, पण जळताना कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो म्हणून. झाडाने पन्नास साठ वर्षं पानापानाने जे हवेतून ओढून साठवलं ते एका शिफ्टमध्ये परत हवेत.

आता हिशोबाकडे येऊ. प्रत्येक देश आपण हवेत किती कार्बन डायऑक्साइड आणि तसले वायू सोडले हे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, नियमावलीप्रमाणे मोजतो. कारखान्याने कोळसा जाळला तर तो कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या रकान्यात धरतात. लाकूड जाळलं तर मात्र त्या रकान्यात तो धरतच नाहीत. का, तर झाड जिथे तोडलं तिथल्या जमिनीच्या रकान्यात ती घट आधीच पकडली जाते असं गृहीत आहे, दोन्हीकडे लिहिलं तर एकच धूर दोनदा मोजला जाईल. नियम चुकीचा नाहीये, मी परत सांगते, नियम चुकीचा नाहीये. फक्त त्यासाठी जमिनीचा रकाना इमानदारीने भरला गेला पाहिजे.

तो कसा भरतात ते बघू.

[पडद्यावर: उपग्रहाचा नकाशा, सगळा जिल्हा हिरवा]

आपल्याकडे जंगल मोजायचं काम देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था करते, उपग्रहाच्या फोटोंवरून. त्यांची व्याख्या अशी की एक हेक्टरपेक्षा मोठी जमीन असेल आणि तिच्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कसली, हे विचारत नाहीत. म्हणजे ऐन, किंजळ, नाणा, वर चढलेल्या वेली, खाली कुजलेला पाचोळा असलेलं रान पण वनाच्छादन, आणि ते रान साफ करून लावलेली काजूची बाग पण वनाच्छादन, रबराची बाग पण. वरून बघितलं की सगळं हिरवंच दिसतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्ष मिळून आच्छादन ८,२७,३५७ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे २५.१७ टक्के, आणि मागच्या वेळेपेक्षा वाढलंय. पॅरिस करारासाठी आपण शब्द दिलाय की २०३० पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जास्तीचा कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, त्यातले २.२९ अब्ज टन झाले असंही त्याच अहवालात आहे.

दाट, मध्यम, विरळ असे वर्ग ते करतात हे मान्य, त्यामुळे दाट रान उघडं पडलं तर काही काळ फरक दिसतोही. पण पाच सात वर्षांत रबराने डोकं वर काढून फांद्या जुळवल्या की नकाशा परत गर्द होतो. जुन्या रानाचं खोड, त्याची मुळं, त्या मातीतला कार्बन, ते सगळं बॉयलरमध्ये तरी गेलं नाहीतर जेसीबीने उपटून उन्हात तरी पडलं, आणि त्यातलं बरंचसं दोन्ही रकान्यांमधून निसटून जातं. ऊर्जेवाले म्हणणार जमिनीकडे विचारा, जमीनवाले म्हणणार आमच्याकडे तर हिरवंच आहे. गंमत म्हणून नाही सांगत, मला हे कळलं तेव्हा खरंच झोप लागली नव्हती.

दुसरीकडे कसं बघतात? युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून पिकवलेला रबर, कॉफी, कोको, सोया वगैरे त्यांच्या बाजारात चालणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली, त्यावर ओरडा पण भरपूर आहे, छोट्या शेतकऱ्याने कागद कुठून आणायचे हा प्रश्न खरा आहे. पण त्या कायद्यात रबराच्या बागेला जंगल म्हणत नाहीत, तिला शेती म्हणतात. एवढा एक शब्द बदलला की आख्खा तालुका वेगळा दिसायला लागतो.

[पडद्यावर: तोडलेला डोंगर, मध्ये एक आंब्याचं झाड, लांब घर]

ही जागा ज्यांची आहे त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. मला घेऊन वर चढले, एका बुंध्यावर बसले आणि म्हणाले, "गो बाय, आमी ल्हान असताना हयसर दुपारचो पन काळोख आसायचो." मी विचारलं मग विकलं का? थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "झिलाक मुंबैक रूम घेवची होती."

मुलाला मुंबईत खोली घ्यायची होती, यावर आबांना काय बोलणार. कोकणात रान बहुतेक खाजगी मालकीचं आहे, सरकारी जंगल कमी. रत्नागिरीत तर नकाशावर निम्म्याच्या आसपास जिल्हा हिरवा दिसतो पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी. बाकी सगळं लोकांच्या सातबाऱ्यावर, एकेका सातबाऱ्यावर वीस वीस तीस तीस नावं, अर्धी मुंबईत, काही वारलेली. उभ्या रानातून हातात काय येतं, तर काही नाही. व्यापारी येतो, सगळ्यांच्या सह्या तोच गोळा करतो, परवानगीचं तोच बघतो, रोख देतो.

पूर्वी पण तोड व्हायचीच, खोटं कशाला बोला. कोयत्या कुऱ्हाडीने व्हायची, बुंधे राहायचे, पावसात त्यांना फुटवे यायचे, पंधरा वीस वर्षांत रान परत उभं राहायचं. आता मशीनने कापतात आणि काजू किंवा रबर लावायचं असलं तर मागोमाग जेसीबी येऊन मुळासकट काढतो. आबांच्या डोंगराखाली व्हाळ आहे, म्हणजे ओढा, पूर्वी शिमग्यापर्यंत वाहायचा. आम्ही गेलो ते जानेवारीत, दगड कोरडे होते आणि एका खळग्यात थोडं पाणी, त्यात सुकलेली पानं. आबांनी काठीने ती पानं बाजूला केली, खाली खेकडा होता, तो आत सरकला.

कायदे नाहीत असं नाही. झाडतोडीचा कायदा महाराष्ट्रात १९६४ पासून आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ ला दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ ला, आणि मग २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने संवेदनशील क्षेत्राचे, म्हणजे निसर्गासाठी बंधनं घालायच्या भागाचे, सहा मसुदे काढले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, केरळात वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सावंतवाडी ते दोडामार्ग हा वाघांचा येण्याजाण्याचा पट्टा, इथल्या झाडतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ लाच बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये सांगितलं की इथली २५ गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. बंदी आहे, तरी ट्रक तुम्ही आत्ताच बघितलात.

[पडद्यावर: कानळाची राई, चिखलातून वर आलेली मुळं]

याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे गावात कानळाची राई आहे. फक्त २.५९ हेक्टर. रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, अशा जागा आता फार थोड्या उरल्यात. पाण्यातून मुळं गुडघे मोडल्यासारखी वर आलीयत, त्यांच्यामधून पाणी सरकतं पण आवाज येत नाही, चिखलात पाय टाकला तर पोटरीपर्यंत जातो. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून पडलेलं पान लवकर कुजत नाही, त्याचा कार्बन तिथेच चिखलात बसून राहतो. आता या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावाने ती देवाची म्हणून राखली. काठी सुद्धा बाहेर न्यायची नाही म्हणजे नाही.

देवाचं राखलं, पण माणसाच्या नावावरचं कसं राखायचं? कोस्टारिकाने १९९७ पासून एक केलं. पेट्रोल डिझेलवरच्या करातून पैसे काढले आणि ज्याच्या जमिनीवर रान उभं आहे त्या मालकाला, करार करून, दर वर्षी द्यायला लागले. ऐंशीच्या दशकात तिथलं जंगल देशाच्या पाव भागावर येऊन ठेपलं होतं, आता निम्म्याच्या वर आहे. सगळं श्रेय त्या पैशाला देता येणार नाही, त्यांनी जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायलाच बंदी घातली होती, पण मालकाला बंदीसोबत काहीतरी हातात मिळालं. आपल्याकडे १५ व्या वित्त आयोगाने राज्यांना करातला वाटा देताना जंगलाला १० टक्के महत्त्व दिलं, म्हणजे रान राखल्याचा मोबदला ही कल्पना आपल्याला मान्य आहे. पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, आणि कुऱ्हाड लावायची की नाही हे ठरवतात आबा.

आबांचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, व्हाळाच्या वरच्या अंगाला, दीड एकर असेल. सुरंगी आहे त्यात, दोन मोठे नाणे, आणि एक भेरली माड, त्याच्यावर धनेश येऊन बसतात असं ते म्हणाले, आम्ही होतो तेव्हा एक आला सुद्धा, पंखांचा आवाज आधी आला. उतरताना त्यांचा फोन वाजला. व्यापारी होता. आबा ऐकत राहिले, मग म्हणाले झिलाक विचारून सांगतंय, आणि फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून पुढे चालायला लागले.