चौकाचा नकाशा पुढ्यात आला की आधी काय विचारायचं

मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

विषय रुक्ष आहे, मान्य. हायवेवरचा चौक मोठा करायचा प्रस्ताव महापालिकेत येतो तेव्हा सभागृहाने काय बघावं आणि आपण नगरसेवकाला गाठून काय विचारावं, एवढंच बोलणारे. उदाहरण लांबून आणायची गरज नाही, पुण्यातला चांदणी चौक आहेच की आपला.

चांदणी चौक म्हटलं की लोकांना पूल उडवला ती रात्र आठवते. 2 ऑक्टोबर 2022, मध्यरात्री एकच्या सुमाराला 600 किलो स्फोटकं लावून एनडीए (लष्कराची प्रबोधिनी) ते पाषाण रस्त्याचा जुना पूल पाडला, सगळे टीव्हीसमोर जागे, आणि धुरळा खाली बसतो तर काय, अर्धा पूल तसाच उभा! आत धरलं होतं त्यापेक्षा जास्त स्टील निघालं म्हणे, मग पोकलेन लावून उरलेला काढला. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे जाताना याच चौकातल्या कोंडीत अडकले होते, लोकांनी तिथेच त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं आणि मग चक्रं भराभर फिरली. तसं भूमिपूजन 2017 चं होतं बरं का. उद्घाटन झालं 12 ऑगस्ट 2023 ला. खर्च साडेआठशे कोटींच्या पुढे.

मधली वर्षं कुठे गेली? जागेत. रस्ता बांधणार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, पण जागा ताब्यात घेऊन द्यायची महापालिकेने. आता महापालिकेकडे रोख पैसा कधी नसतो, म्हणून ती म्हणते टीडीआर घ्या, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा किंवा विकायचा हक्क, आणि जागामालक म्हणतो तुमचा कागद घेऊन मी काय करू, रोख द्या. तो म्हणतो त्यात चूक काही नाही, राहतं घर जाणार असेल तर कागदावरचं क्षेत्रफळ घेऊन कुठे राहायचं त्याने. म्हणून मी म्हणतो प्रेझेंटेशनमधला तो रंगीत व्हिडिओ, ज्यात गाड्या सुळसुळ जाताना दिसतात, तो नंतर बघा, आधी विचारा जागा किती ताब्यात आहे आणि उरलेल्याचे पैसे कुठल्या बजेट हेडमधून येणार. याला उत्तर नसेल तर विषय पुढच्या सभेला ढकलला तरी चालेल.

आणि एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. म्हणजे पूल पाडला तेव्हा आणि नवा चौक उघडला तेव्हासुद्धा सभागृहात निवडून आलेलं एकही माणूस नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने. काम पटापट झालं म्हणून लोक खूश होते. पण आडवा प्रश्न विचारणारं कोणी नसलं की काय राहून जातं ते सांगतो.

चौक उघडला, वर आठ रॅम्प, सगळं चकाचक. आणि पायी माणसाने हायवे ओलांडायचा कुठून? मुंबईची, कोल्हापूरची बस इथे सोडते, एक मावशी उतरते, हातात पिशवी, पाठीवर सॅक, तिला जायचंय पलीकडे बावधनला, आणि समोर काय तर शंभरच्या स्पीडने येणाऱ्या गाड्या. लोक धावत ओलांडायला लागले. मग पादचारी पूल पाहिजे म्हणून अर्ज, निवेदनं, बातम्या. अहो, बस तिथे थांबते हे सल्लागाराला माहीत नव्हतं का? थांबा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे. पण त्याने मोजल्या गाड्या. माणसं मोजायला त्याला सांगितलंच नव्हतं कोणी.

बोर्डांचंही तेच. सुरुवातीला कोथरूडचा माणूस घरी जायला निघायचा आणि मुळशीच्या दिशेने लागायचा.

आता थोडं टेक्निकल, दोन मिनिटं. क्लोव्हरलीफ हा शब्द सभेत फार आवडतो, म्हणजे चौकाच्या चार कोपऱ्यांत गोल वळणारे रॅम्प, चार पाकळ्या, वरून छान दिसतं. अमेरिकेत पहिला 1929 ला न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला झाला आणि पुढे तोच काढून साधा करावा लागला. कारण काय, तर एका पाकळीतून उतरणारा हायवेत घुसायला उजवीकडे सरकतोय (आपल्याकडच्या हिशोबाने सांगतोय) आणि पुढच्या पाकळीत जाणारा त्याच वेळी डावीकडे येतोय, दोघांना मिळून पट्टा एकच, शे-दीडशे मीटरचा. गाड्या कमी असतात तोवर जमतं, वाढल्या की सगळे ब्रेक मारतात आणि कोंडी मागे मागे सरकत जाते. याला इंजिनिअर वीव्हिंग म्हणतात. सभागृहात कोणी विचारलं, की साहेब, वीव्हिंगची लांबी किती ठेवलीय, तर समोरचा अधिकारी जरा सावरून बसेल, एवढं नक्की.

दुसरं म्हणजे, चौक मोकळा केला की रांग मरत नाही, पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहते. त्यामुळे नकाशा चौकापुरता कापून दाखवत असतील तर पुढच्या दोन सिग्नलपर्यंतचा मागा.

आणि प्रत्येक दुखण्याला पूल हे औषध नसतं हो. चांदणी चौकातून जाणाऱ्या याच हायवेच्या बायपासवर नवले पुलापाशी 20 नोव्हेंबर 2022 ला एका ट्रकने 48 गाड्यांना ठोकलं. तिथे खरा त्रास कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणाऱ्या लांब उताराचा आहे, डिझेल वाचवायला ड्रायव्हर न्यूट्रल टाकतात आणि मग ब्रेक धरत नाही. त्याला आधी स्पीडवर कडक नजर लागते.

तर मोजणी कुठल्या दिवशी केली हे विचारा, शनिवार-रविवारची मुळशीची गर्दी त्यात आहे का, पायी माणसं आणि बसथांबे धरलेत का. आणि हे सगळं डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, पक्का व्हायच्या आधी विचारा, कारण एकदा निविदा निघाली की साधा एक जिना वाढवायचा म्हटलं तरी त्याचं वेगळं एस्टिमेट, वेगळी मंजुरी, आणि तोपर्यंत लोक आहेतच धावत हायवे ओलांडत.