पाहणाऱ्याला किल्ली कशाला?

(सिस्टिम ॲडमिन मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कुठलं मॉनिटरिंग टूल, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, चांगलं यावर तुम्ही चहाच्या वेळी भांडालच. मला बोलायचंय ते त्या टूलमधल्या एका छोट्या चौकटीविषयी, जिथे यूजरनेम आणि पासवर्ड भरतात. त्या चौकटीत डोमेन ॲडमिनचं खातं, म्हणजे डोमेनमधल्या, एकाच खातेयादीवर चालणाऱ्या, सगळ्या मशीनवर पूर्ण अधिकार असलेलं खातं, भरायचं आणि मोकळं व्हायचं, ही आपल्या धंद्यातली जुनी सवय.

असं का होतं, ते तुम्हाला माहीत आहे. साध्या खात्याने लांबून डब्ल्यूएमआयला, म्हणजे मशीनची माहिती देणाऱ्या विंडोजच्या सोयीला, विचारलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. मागे साहेब उभे, डॅशबोर्ड लाल. ॲडमिन टाकला की सगळं हिरवं. मग कंपनी दुसरी कंपनी विकत घेते आणि दुसरं डोमेन येतं. तिथेही त्याच नावाचं खातं, तोच पासवर्ड, म्हणे लक्षात ठेवायला सोपं. डीएमझेडमधली, म्हणजे इंटरनेटकडे तोंड असलेल्या वेगळ्या भागातली, चार मशिन्स डोमेनबाहेर असतात, त्यांच्यावर त्याच नावाचं लोकल, म्हणजे त्या मशीनपुरतं, खातं. आणि विंडोज हे खपवून घेतं! समोरच्या मशीनला तुमचं डोमेन माहीत नसलं, तरी एनटीएलएम ही विंडोजची ओळख पटवायची जुनी पद्धत त्या नावाचं लोकल खातं आहे का ते बघतं. पासवर्ड जुळला की आत. म्हणजे कागदावर दोन डोमेनमध्ये ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची खाती मानण्याचं नातं, नाही, मधे फायरवॉल आहे, ऑडिटरने सही केली आहे, आणि खाली एकाच पासवर्डने सगळं बांधलेलं आहे.

आता या खात्याचा स्वभाव बघा. डोमेन ॲडमिन माणूस दिवसातून दोन-चार सर्व्हरवर जाईल. हे खातं दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरवर जातं. त्यात ‘डिस्कव्हरी’ चालू असेल तर विचारूच नका. सबनेट, म्हणजे नेटवर्कचा एक पट्टा, दिलं, खात्यांची यादी दिली, की टूल प्रत्येक आयपीवर जाऊन एकेक खातं लावून बघतं. त्या सबनेटमध्ये कुणी आपला लॅपटॉप लावून सर्व्हर असल्यासारखं उत्तर देत बसलं, तर काय होईल? विंडोजचं खातं असेल तर एनटीएलएमचं उत्तर, म्हणजे पासवर्डवरून काढलेला आकडा, त्याच्या हाती येतं. ते निवांत घरी बसून फोडता येतं, किंवा जिथे एसएमबी सायनिंगची, म्हणजे फाइल शेअरिंगच्या संदेशांवर सही करण्याची, सक्ती नाही अशा सर्व्हरकडे तिथल्या तिथे पुढे ढकलता येतं. लिनक्ससाठी एसएसएचचा, म्हणजे लांबून लॉगिन करायच्या सोयीचा, पासवर्ड दिला असेल तर फोडायचेही कष्ट नाहीत, कारण पासवर्डने लॉगिन करताना पलीकडच्या सर्व्हरला तो जसाच्या तसा मिळतो. ॲडमिनचा पासवर्ड आपणच घरपोच दिला की.

सोलारविंड्सचं प्रकरण तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ओरायन हे त्या कंपनीचं मॉनिटरिंगचंच सॉफ्टवेअर. २०२० च्या मार्चपासून त्याच्या अधिकृत अपडेटमधून मागचा दरवाजा पोहोचला, आणि ते उघड झालं डिसेंबरमध्ये. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं होतं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा १३ डिसेंबर २०२० चा आदेश. ओरायन बंद करा एवढंच त्यात नव्हतं. ओरायन ज्या ज्या मशीनवर नजर ठेवत होतं ती सगळी मशिन्स शत्रूच्या ताब्यात गेली आहेत असं धरा, आणि त्यात साठवलेले सगळे पासवर्ड बदला, असंही सरकारी खात्यांना सांगितलं होतं. तुमच्या टूलसाठी असा आदेश उद्या आला तर किती पासवर्ड बदलावे लागतील, आणि ते कुठे कुठे भरलेत याची यादी कुणाकडे आहे?

रात्रीचा गुरखा कुलूप लागलंय का ते हलवून बघतो, दुकानांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला नसतात. मॉनिटरिंगच्या खात्याला तेवढाच अधिकार पुरतो. ‘परफॉर्मन्स मॉनिटर यूजर्स’, ‘डिस्ट्रिब्यूटेड कॉम यूजर्स’, लॉग हवे असतील तर ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ हे गट, आणि डब्ल्यूएमआयच्या नेमस्पेसवर (माहितीच्या कप्प्यावर) ‘रिमोट एनेबल’. सीपीयू, मेमरी, डिस्क एवढ्यात दिसतात. अडतं ते सर्व्हिसेसपाशी, यादी रिकामी येते. इथे येऊन लोक कंटाळतात आणि पुन्हा ॲडमिन टाकतात. खरं तर सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरवर फक्त वाचण्याची परवानगी द्यायची असते. पण ‘एससी एसडीशो’ या कमांडने आधीची परवानग्यांची ओळ काढून जपून ठेवा, कारण ‘एसडीसेट’ त्यात भर घालत नाही, अख्खी ओळ बदलतो. घाईत केलेला एसडीसेट रडवतो. डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, मात्र हा खटाटोप करू नका. तिथे लोकल गट नसतात, बिल्ट-इन गटात घातलेलं खातं त्या डोमेनच्या सगळ्या कंट्रोलरवर लागू होतं. तिथे एजंट, म्हणजे टूलचा त्याच मशीनवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवा, आणि एजंटमधून रिमोट कमांड चालवायची सोय बंद ठेवा.

डोमेन अनेक असतील तर माझा आग्रह एकच आहे, पासवर्डने डोमेनची वेस ओलांडू नये. प्रत्येक डोमेनमध्ये एक छोटा पोलर किंवा प्रॉक्सी, म्हणजे तिथल्या तिथे आकडे गोळा करणारा सर्व्हर, ठेवा. त्या डोमेनचं खातं त्याच्यापाशीच राहील आणि मुख्य सर्व्हरकडे जातील ते फक्त आकडे, सर्टिफिकेटने बांधलेल्या जोडणीवरून. झॅबिक्समध्ये प्रॉक्सी आहे, सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजरमध्ये गेटवे आहे. त्याच ऑपरेशन्स मॅनेजरमध्ये ‘रन ॲज’ खातं, म्हणजे टूल ज्या नावाने काम करतं ते, कुठे पाठवायचं याचे दोन पर्याय दिसतात, ‘लेस सिक्युअर’ आणि ‘मोअर सिक्युअर’. पहिला निवडला की खातं सगळ्या मशीनवर आपोआप पोहोचतं. पडद्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही पहिला निवडणारे भेटतात, त्याला काय करणार!

पोलरची सर्व्हिस ज्या खात्याने चालते ते शक्य असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट करा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. पासवर्ड डोमेनच ठरवतं, नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ३० दिवसांनी बदलतं, आणि तो कुणाला पाठ नसतो. पण जे टूल चौकटीत पासवर्ड टाइप करायला सांगतं, तिथे याचा उपयोग नाही.

मग तिथे पासवर्ड हातानेच बदलावा लागणार, आणि त्यात एक गंमत आहे. पासवर्ड हिस्ट्री, म्हणजे जुने पासवर्ड लक्षात ठेवणं, चालू असेल तर अगदी अलीकडच्या जुन्या पासवर्डने केलेला प्रयत्न ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनची खातेवही, लॉकआउटच्या (चुकीच्या पासवर्डांमुळे खातं बंद होण्याच्या) मोजणीत धरत नाही. त्यामुळे एखाद्या विसरलेल्या पोलरमध्ये जुना पासवर्ड राहिला तरी खातं लॉक होत नाही, फक्त ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी पडत राहतात. तुम्ही खूश. आणखी एक-दोनदा पासवर्ड बदलला की तोच पोलर खातं लॉक करतो, आणि कालपर्यंत चालणारं आज का बंद पडलं म्हणून सगळे डोकं धरून बसतात. तेव्हा डोमेन कंट्रोलरवरची ४७४० ही खातं लॉक झाल्याची नोंद उघडा, कुठल्या मशीनने लॉक केलं त्याचं नाव तिथे असतं. त्यापेक्षा प्रत्येक डोमेनमध्ये दोन खाती ठेवा. एक चालू असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदला, पोलर त्याच्यावर वळवा, आणि पहिल्याच्या नावाने लॉगिन येणं थांबलं की ते डिसेबल करा. कुणी लॉक होत नाही, आणि विसरलेला पोलर लगेच उघडा पडतो.

उद्या कामावर गेलात की मॉनिटरिंगच्या खात्याने एखाद्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप करून बघा. आधी टेस्ट सर्व्हरवर, कृपा करून. डेस्कटॉप उघडला तर ‘डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ ही पॉलिसी लावा, आणि ‘डिनाय लॉग ऑन लोकली’सुद्धा. मॉनिटरिंगला लागतं ते नेटवर्क लॉगिन, त्याच्यावर या दोन्हींचा काही परिणाम होत नाही. हं, आता प्रश्न विचारा.