सतरंजीवरचं अद्वैत

श्रोतेहो, नमस्कार.

अमळनेरला 1916 साली गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्यांना शंकराचार्यांच्या अद्वैताचा, म्हणजे जीव आणि ब्रह्म दोन नाहीत, एकच आहेत या विचाराचा अभ्यास व्हायला हवा होता, आणि तोही आपल्या बोरी नदीकाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे बंगालमधले थोर तत्त्वज्ञ इथं संचालक म्हणून राहून गेले, जी. आर. मलकानींनी इथंच वर्षानुवर्षं अध्ययन आणि लेखन केलं, आणि साने गुरुजीही शाळेत शिक्षक होण्याआधी काही काळ इथं अभ्यासाला होते. कापसाच्या पैशावर वेदान्ताची शाळा चालली, याचा मला खानदेशी माणूस म्हणून फार अभिमान वाटतो.

पण ते झालं विद्वानांचं घर. आज मला बोलायचंय ते गावात, गावानं चालवलेल्या अद्वैताच्या वर्गाबद्दल. आमच्याकडे असा वर्ग भरतो. रविवारी शाळेची एक खोली उघडायची, सतरंजी अंथरायची, थोडा वेळ सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं, मग एखादी ओवी किंवा उपनिषदातला एखादा मंत्र घ्यायचा आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना द्यायचा. फी नाही. चहा ज्याच्या त्याच्या पाळीनं.

मांडूक्य उपनिषद घेतलं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. मंत्र अवघे बारा, पण त्यात जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप या तिन्ही अवस्थांचा विचार आहे. गाढ झोपेत मन नसतं, जग नसतं, मग मी असतो की नाही? मी फळ्यावर बरंच काही लिहिलं. मागं बसलेल्या, दिवसभर कापूस वेचून आलेल्या एक आजी म्हणाल्या, "माले काहीच याद नही, पन नींद बेस लागनी व्हती." शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं लगेच विचारलं, "मंग आजी, नींद बेस लागनी हाई कोन सांगस?" खोली गप्प झाली. वेदान्तात नेमका हाच युक्तिवाद आहे. 'मी सुखानं झोपलो, मला काही कळलं नाही' असं जागा झालेला माणूस म्हणतो. ज्या अर्थी त्याला हे आठवतं, त्या अर्थी झोपेतही त्या नकळण्याला साक्षी असं काहीतरी होतं. आजींनी संस्कृतचा एक शब्द न वापरता तो अनुभव मांडला आणि पोरानं तिथंच बोट ठेवलं.

पुष्कळ लोक येतात ते फक्त ध्यानासाठी. मन शांत व्हावं, झोप लागावी, रक्तदाब खाली यावा. यात गैर काहीच नाही. पण शांत बसणं म्हणजे अद्वैत नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. शंकराचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानानं. ध्यान-उपासनेनं मन एकाग्र होतं, ज्ञान झेलायला तयार होतं. म्हणून श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम. ऐकायचं, शंका फिटेपर्यंत घासून पाहायचं आणि मग त्यातच मुरायचं. मधलं मनन गाळलं की उरतं ते नुसतं डोळे मिटणं. मनन एकट्यानं होत नाही असं नाही, पण चारचौघांत फार बरं होतं, कारण आपली पळवाट शेजाऱ्याला दिसते.

समाजानं शाळा पोसायची हे तर आपल्याकडे जुनंच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, शके 1128 मध्ये, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दिलेलं दान कोरलंय. बाजारात आलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला लावून दिला, आणि त्या ओळी चक्क मराठीत आहेत! ती शाळा गणित-ज्योतिषाची, वेदान्ताची नव्हे. पण बाजारहाटातून विद्या जगवायची रीत तीच.

आणि अद्वैताचा आपला सर्वांत जवळचा प्रसंग तापी-पूर्णेच्या संगमावरचा. तिथल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे त्यांनी वयानं लहानग्या मुक्ताबाईला गुरू केलं, अशी परंपरा सांगते. मुक्ताईचं मंदिर कोथळीला आहे. एवढा मोठा योगी पोरीसमोर बसला, आणि आपण अजून सतरंजीवर कोण कुठं बसणार याची चर्चा करतो! माझं स्पष्ट मत आहे : ज्या वर्गात बायका मागं आणि एखादी वस्ती दाराशी बसते, तिथं अद्वैत शिकवू नये. आधी बसण्याची जागा बदलावी.

एक काळजीची गोष्ट. ज्याच्या मनावर खूप मोठा आघात झालाय, ज्याला डोळे मिटले की घाबरायला होतं, त्याला जबरदस्तीनं ध्यानाला बसवू नका. उघड्या डोळ्यांनी बसू द्या, आणि गरज दिसली तर डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर मुख्याध्यापकांना भेटून एका खोलीची चावी मागा. चांगदेव पासष्टीपासून आरंभ करा. आठवड्याला दोन ओव्या घेतल्या तरी आठेक महिन्यांत पूर्ण होते. वेचणीच्या दिवसांत वर्ग रात्री ठेवा, आणि अहिराणीत बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत बोलायला लावू नका. नमस्कार.