आपल्या तालुक्याचा कागद कुठे सापडतो

(गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

ग्रंथालयात येणारा विद्यार्थी बहुतेक वेळा विचारतो, "मॅडम, आरोग्य धोरणावर काही आहे का?" सार्वजनिक आरोग्याची पाठ्यपुस्तकं आपल्याकडे आहेत आणि ती चांगली आहेत, पण त्यांतून तुमचा प्रबंध उभा राहणार नाही. म्हणून मी उलट विचारते: तुला जे हवंय, ते लिहून ठेवणं कोणाचं काम होतं? ते कळलं की कुठलं दार ठोठवायचं तेही कळतं.

एक प्रश्न घेऊ. एटापल्लीकडच्या गावातून बाळंतपणासाठी बाईला किती लांब जावं लागतं? हे जनगणनेवाल्यांनी लिहिलेलं आहे. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाची ओळ आहे. उपकेंद्र आहे का, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे का, नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहाच्या दरम्यान की त्याहून लांब, हे सगळं त्या ओळीत सापडतं. पुस्तिका जनगणनेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. आता त्याच्या शेजारी, किती लोकसंख्येला एक केंद्र हवं याचे सरकारी निकष ठेवा. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला, आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० ला. आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० ला. हे निकष माणसं मोजतात, वाटेतली नदी आणि जंगल मोजत नाहीत. तुमच्या प्रबंधाचा पहिला मुद्दा इथेच हाती लागतो.

सगळ्यात जास्त वेळ मला शासन निर्णयांवर, म्हणजे जीआरवर, घालवायचा आहे, कारण विद्यार्थी त्यांच्याकडे वळतच नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाचे जीआर मराठीत आहेत. इंग्रजीच्या धास्तीने जी मुलं मागे राहतात, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. जीआर उघडला की खालच्या आदेशाकडे धावू नका. वर 'वाचा' किंवा 'संदर्भ' असं लिहून आधीच्या निर्णयांची, पत्रांची यादी दिलेली असते, क्रमांक आणि तारखेसकट. ती धरून एकेक पायरी मागे जा. योजना कधी सुरू झाली, अट कधी बदलली, एखादं पद कधी मंजूर झालं, हे त्या साखळीत उलगडत जातं. प्रस्तावनेत सरकारला हे करावंसं का वाटलं याचं कारण सरकारच्याच शब्दांत असतं. धोरणाच्या अभ्यासकाला याहून मोलाचं काही नाही. जुने निर्णय स्कॅन केलेले असल्याने आतल्या मजकुरात शब्द शोधता येत नाही. तेव्हा शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते ठरवा आणि शीर्षकं वाचत जा. वेळ लागतो. लागू द्या.

मागच्या काळात जायचं असेल, तर आपल्या जिल्ह्याचा जन्म लक्षात ठेवा. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. १९८१ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्हा शोधाल तर मिळणार नाही. चंद्रपूरच्या पुस्तिकेत आपले तालुके बघावे लागतील. त्याही आधीच्या कागदांत चंद्रपूर 'चांदा' आहे, यवतमाळचं इंग्रजी स्पेलिंग 'येवतमाळ'सारखं आहे. १९५६ पर्यंतचा कारभार नागपुरातून चाले, १९५० पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या नावाने आणि त्यानंतर मध्य प्रदेशाच्या. इंग्रजांच्या काळातले पटकी, देवी, लसीकरण यांचे कित्येक अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने नेटवर खुले ठेवले आहेत. तिथे 'विदर्भ' टाकून काही येणार नाही, 'बेरार' (वऱ्हाडाचं इंग्रजी नाव) टाका.

आकड्यांबाबत एक काळजी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघरी जाऊन विचारतं. त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्हावार पत्रकं आहेत, पण महाराष्ट्रातलं काम कोविडच्या आधीचं आहे. एचएमआयएस (आरोग्य खात्याची माहिती प्रणाली) मात्र दवाखान्यांनी दर महिन्याला भरलेला अहवाल असतो. जंगलातल्या घरी झालेलं आणि कोणी न नोंदवलेलं बाळंतपण त्यात येणार कुठून? आणि नमुना नोंदणी योजनेचा बालमृत्युदर राज्याचा असतो, जिल्ह्याचा नसतो. तो आकडा गडचिरोलीचा म्हणून छापलेला दिसला, की त्या लेखावर विसंबू नका.

आता शोधनिबंध. पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) 'विदर्भ' टाकून थोडंच मिळतं, कारण आपल्याकडचे अभ्यास 'सेंट्रल इंडिया', 'रूरल वर्धा', 'सेवाग्राम' अशा नावांनी छापलेले असतात. ही नावं एकेक करून टाका. एक चांगला निबंध सापडला की त्याच्या संदर्भांतून मागे जा आणि गुगल स्कॉलरवर तो पुढे कोणी वापरला ते बघा. याच जिल्ह्यातल्या 'सर्च' संस्थेचा घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथून पुढे पुढे येत वाचलंत, तर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते तिथवर पोचता. २०११ मध्ये या घरभेटी देशभराच्या कार्यक्रमात आल्या. आपल्या गावांतला अभ्यास धोरण कसं घडवतो, हे मला आजही मनापासून अभिमानाचं वाटतं.

निबंध वाचायला पैसे मागितले तर भरू नका. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. अनुदानित महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालाकडे 'एन-लिस्ट'चं (महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकांच्या सेवेचं) खातं मागा. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर कोणालाही वाचता येतात.

एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचे) प्रबंध मात्र तिथे नसतात. ते महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत, आणि काही गावांबद्दल तेवढंच लिहिलं गेलंय. शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात जा, ग्रंथपालाला भेटा, ते कपाट उघडायला सांगा. जे कुठेच छापलेलं नाही, त्यासाठी माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात "आरोग्याची माहिती द्यावी" असं लिहू नका. अमुक केंद्राची, अमुक वर्षाची, मंजूर आणि रिक्त पदं, असं नेमकं मागा. आणि तुमचा प्रबंध पूर्ण झाला की एक प्रत ज्या आरोग्य केंद्रातून माहिती घेतली तिथे आणि एक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.