अर्थिंग पाठ करू नका, मोजा

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. विषय दिलाय विजेच्या कामाच्या लायसन्सच्या परीक्षेची तयारी, पाऊण तासात सगळं सांगतो, पण आधी एक विचारतो. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतली बरीच पोरं दिसतायत. अर्थिंगची, म्हणजे बॉडीवर आलेला करंट जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची, व्याख्या किती जणांना येते? बघा, सगळेच हात वर. आता ज्यांनी स्वतः अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायचा मीटर, लावून रीडिंग घेतलंय तेवढेच हात राहू द्या. चार! मला बोलायचंय ते याच्यावरच.

दिंडोरीकडचं एक घर, मे महिना, मी तेव्हा उस्तादांच्या हाताखाली होतो. विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोटर, आणि घरातल्या आजी सांगायच्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे बाबा." त्या कोरडी काठी घेऊन जायच्या आणि स्विच काठीने पाडायच्या. आधी एक वायरमन येऊन गेलेला, त्याने सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारला, म्हणजे दोन्ही एका तुकड्याने जोडले, फेज दाखवणारा टेस्टर पेटायचा थांबला, काम झालं म्हणून पैसे घेऊन गेला. पंधरा दिवसांत न्यूट्रलचा जोड सुटला आणि चालू लोडमधून न्यूट्रलवर आलेला फेज लूपमधून मोटरच्या बॉडीवर! आजींना झटका बसला, हात सुटला म्हणून वाचल्या. मला त्या माणसाचा आजही राग येतो, कारण व्याख्या त्यालाही येत असणार.

आम्ही लूप काढला, जोड नीट केला, मग उस्तादांनी अर्थ टेस्टर लावला. ४० ओहम. अर्थिंगचा खड्डा उघडला तर ठणठणीत कोरडा, पाइपावरचा बोल्ट गंजून लाल. बोल्ट बदलला, दोन बादल्या पाणी ओतलं, काटा १८ वर आला आणि मी खूश झालो. उस्ताद म्हणाले, "भागाकार कर."

तुम्हीही करा. ट्रान्सफॉर्मरकडचा रेझिस्टन्स सोडून देऊ. बॉडीवर फेज आला तर जमिनीत किती करंट जाईल? २३० व्होल्ट भागिले ४० ओहम, पावणेसहा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, याला ओळखतच नाही, त्याला तो मोटरचा लोडच वाटतो. १८ ओहम धरा, पावणेतेरा, तरी पडत नाही. सी टाइपचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे बॉडी लाईव्ह ती लाईव्हच. म्हणून तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, लागते, ती लावली, आणि मोटरचं वाइंडिंग लीक होतं तेही भरून घेतलं. एवढा एक भागाकार जमला की अर्थिंग, फॉल्ट करंट, एमसीबी, आरसीसीबी, चार धडे एकदम उलगडतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत, तर तयारीचं पटापट. एक, जुनं गाईड वापरत असाल तर बघून घ्या, १९५६ चे वीज नियम गेले, २०१० चे रेग्युलेशन आले, आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे आहेत. अर्थिंगला भारतीय मानक आयएस ३०४३, वायरिंगला आयएस ७३२, दोन्ही समोर ठेवून वाचा, नुसते नंबर घोकू नका. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, ५०० व्होल्टचा, इन्सुलेशन किमान १ मेगओहम, आणि मेगर लावण्याआधी सप्लाय बंद, हे तोंडी परीक्षेला अडखळत सांगू नका. रोज एक गणित हाताने सोडवा, व्होल्टेज ड्रॉप आणि केबलचा साइज तर नक्कीच. सर्किट बघून नका काढू, कोऱ्या कागदावर काढा, मोटरच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं तर चार वेळा.

बाकीचं चहाच्या वेळी विचारा. अर्थ टेस्टर आणि मेगर मी आणलेत, इथे मागच्या अंगणात एक खड्डा आहे, ज्यांनी हात खाली केले ते सगळे पहिल्यांदा तिकडे चला.